आधी फळ आडवे कापा

वडगावचे हातमाग विणकर श्री. सिद्रामअण्णा यांना या फाल्गुनात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी चार शब्द लिहावेत, असे पत्र मला निपाणीला आले. पत्राच्या शेवटी एक सूचना होती. लेख प्रसंगाला शोभेल असा असावा. सूचना कोणाची, हे मी अक्षरावरून ओळखले. प्रसंगाला काय शोभते, याबाबत त्या गृहस्थांचे आणि माझे मत एक नाही. ज्याचे झाड आपण तोडले त्याला शाल पांघरवताना झाडाचा विषय काढू नये, हे त्यांना शोभते. मला शोभत नाही. म्हणून मी झाडाविषयीच लिहिणार आहे. ज्यांना ते वाचवणार नाही त्यांनी पाने उलटावीत. पुढे इतरांचे गोड लेख आहेतच.

तरी रीत म्हणून पहिल्या भेटीपासून सुरुवात करतो.

स्वदेशीच्या सभांचे ते दिवस होते. मी नुकता वकील झालो होतो आणि जिभेला धार आली आहे अशी माझी खात्री होती. वडगावात देवळासमोरच्या पटांगणात विणकरांची सभा भरली. मी परदेशी कापडावर तुटून पडलो, आणि टाळ्या वाढू लागल्या तसा कापडावरून परदेशी साखरेवर, साखरेवरून परदेशी काचेवर गेलो. शेवटी गरजलो, "परक्या मातीतले एक रोपसुद्धा आपल्या अंगणात नको!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या बाजूला एक शेलाटे गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या डोक्याला सुताचे भुसकट चिकटले होते.

"वकीलसाहेब, एक इचारू?"

"विचारा की."

"सकाळी काय खाल्लासा?"

लोक हसले. मी म्हणालो, "भाकरी आणि मिरचीचा ठेचा."

"मिरची कुठनं आली म्हनायची? बेळगावच्या कॅम्पातला गोवेकर पाववाला सांगतोय, ती गोऱ्याच्या गलबतातनं आली. आनि तुमच्या निपाणीची तंबाखू? ती बी तिकडचीच. मग निपाणी पेटवायची काय?"

सभा इतकी हसली की मला खाली बसावे लागले. सभा संपल्यावर मला घरी नेणारे हेच गृहस्थ होते. "राग मानू नगा," ते म्हणाले. "परदेशी सूत माझ्या मागाला बी नगं. पर झाडाला मुलूख नसतोय, साहेब. ज्या मातीत रुजलं, तिचं झालं." एवढे बोलून त्यांनी परसातले एक पिवळसर, पोकळ फळ माझ्या हातावर ठेवले. गुलाबपाण्याचा वास असलेला तो जांब मी आयुष्यात प्रथम खाल्ला. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा झालो, आणि त्या दिवसापासून मी भाषणात झाडांची उपमा देताना जरा जपून देतो.

अण्णांचे परस म्हणजे बाग नव्हे. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा, मधे स्वयंपाकघर, आणि मागे विहिरीच्या सांडपाण्यावर जगवलेली पाऊण गुंठा जागा. तेवढ्या जागेत निरफणस, बिलिंबी, कमरख, लक्ष्मणफळ अशी परमुलखातली झाडे होती. ज्या काळी बेळगावात चिक्कूसुद्धा नवलाचा होता, त्या काळची ही गोष्ट. एकही कलम विकत आणलेले नाही. सगळी बियांपासून. कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांत आया-मोलकरणींना लुगडी दाखवायला अण्णा जात. बायका लुगडी पाहत असताना ते मागच्या दाराने खानसाम्याकडे जात आणि विचारत, "आज साहेबानं काय खाऊन टाकलं?" लोक त्यांना खुळे म्हणत. उष्ट्यातले वेचणारा कोष्टी, असेही म्हणत. म्हणणारे आज गौरव समितीत आहेत.

बी हातात आले की अण्णा ते आधी नखाने खरवडून पाहत, मग हुंगत, मग त्यावरचा वण शोधत. बी फळाला जिथे चिकटलेले असते तिथला तो डाग. त्या वणावरून ते झाडाचे घराणे सांगत. अण्णांना लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे प्रत्येक रोपाला त्यांनी मागावरच्या उरलेल्या सुताचा धागा बांधलेला असे. निळा धागा म्हणजे सावली हवी, तांबडा म्हणजे ऊन हवे, पांढरा म्हणजे पाणी बेताने. जितके पावसाळे काढले तितक्या गाठी. मी वकील माणूस, कागदाशिवाय माझे चालत नाही. पण त्या धाग्यांत मला कधी चूक सापडली नाही.

चूक सापडली ती माझ्याच कामात. वेंगुर्ल्याला भाषणाला गेलो असता तिथल्या मित्राने बोटीवरून आलेली मंगुस्ताने, जाड जांभळ्या सालीची ती परदेशी फळे, खायला दिली. अण्णांसाठी मी बिया राखून ठेवल्या. आपल्याकडे दोडक्या-भोपळ्याच्या बिया जशा ठेवतात, तशा मी स्वतःच्या हाताने त्या धुतल्या, राखेत घोळल्या, चार दिवस कडक उन्हात वाळवल्या आणि स्वच्छ फडक्यात बांधून मोठ्या ऐटीत वडगावला नेल्या. अण्णांनी फडके सोडले. एक बी नखाने खरवडून पाहिले.

"कुनी केलं ह्ये?"

"मीच."

"लई निगुतीनं केलासा. भोपळा असता तर वरीसभर टिकला असता."

ओल्या मुलखातल्या या बिया जिवंत असतात त्या ओलीमुळेच. वाळल्या की मेल्या. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तरी अण्णांनी त्या सगळ्या बिया पेरल्या आणि चाळीस दिवस त्यांना पाणी घातले. एकही उगवली नाही. मी विचारले, "मेल्या आहेत हे तुम्हांला पहिल्याच दिवशी कळले होते. मग पाणी का घातलेत?"

"मला कळलं हुतं," अण्णा म्हणाले. "तुमाला कळायचं हुतं."

इतक्या हळुवारपणे मला कोणी शिकवलेले नाही. आणि इतके शिकूनही मी पुढे जे केले, त्याकडे आता वळतो.

एका बंगल्यावर कोलंबोहून पाहुणे आले होते. त्यांनी आणलेल्या एका फळाच्या सात बिया खानसाम्याने अण्णांसाठी ठेवल्या. फळ संपले होते. खानसामा म्हणाला, "वरून जांभळं, आत दुधासारखं. आडवं कापलं तर मधे चांदणी दिसते." बस, एवढीच माहिती. अण्णांनी बी हातात फिरवले. चपटे, चकचकीत, तपकिरी, एका कडेला लांब फिका वण. ते म्हणाले, "ह्यो चिक्कूच्या घरातला हाय."

सातांतल्या चार उगवल्या. अण्णांचा नियम असा, की नव्या जातीचे एकच रोप स्वतःकडे ठेवायचे, बाकीची वाटून टाकायची. एक शहापूरच्या व्याह्यांना दिले. ते रोप पहिल्या उन्हाळ्यातच वाळले. एक मला दिले. मी दौऱ्यावर असताना ते शेळीने खाल्ले. एक उचगावच्या गंगूआक्कांना दिले. शेतकरी घरातल्या या बाई लुगड्याच्या निमित्ताने अण्णांच्या ओळखीच्या. त्यांनी ते विहिरीच्या काठी लावले. चौथे परसाच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला वाढू लागले.

पान मोठे झाले तेव्हा अण्णांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. पान वरून गर्द हिरवे होते. त्यांनी ते उलटले. खालून तांब्यासारखे, रेशमाची लव असलेले. वारा आला की झाड हिरव्याचे सोनेरी होई आणि पुन्हा हिरवे. "बघा," अण्णा म्हणाले, "उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्याचा. धूपछाव इनलीय. अशी मला बी जमली न्हाय." साठी ओलांडलेला तो कसबी माणूस झाडाखाली उभा राहून झाडाच्या विणकामाची तारीफ करत होता. फळ त्यांनी पाहिले नव्हते, चाखले नव्हते. एका बियेच्या शब्दावर त्यांनी ते झाड तेरा वर्षे सांभाळले.

या तेरा वर्षांच्या मधेच शेतीचे एक प्रदर्शन भरले. अण्णांनी आपली रोपे आणि या झाडाची एक फांदी मांडावी, असा आग्रह मीच धरला. प्रदर्शनाची अट होती की प्रत्येक वस्तूपाशी तिच्या नावाची चिठ्ठी हवी. अण्णांचे धागे चालणार नव्हते. चिठ्ठी लिहायचे काम मी घेतले. मी दोन जाडजूड पुस्तके घेऊन आलो, पाने चाळली, चकचकीत पान आणि पांढरा चीक यांचे एक चित्र सापडले, आणि मी रबराचे झाड असे ठरवून मोकळा झालो.

अण्णा म्हणाले, "साहेब, ह्येचं घर चिक्कूचं हाय. बियावरचा वण बघितला न्हव?"

मी म्हणालो, "अण्णा, पुस्तकात चित्र आहे."

"तुमी शिकलेली मानसं," ते म्हणाले आणि फांदी पाण्यात खोचू लागले. मी ठसठशीत अक्षरात लिहिले: रबराच्या जातीचे.

परीक्षक आले. पदवीधर, बुटांना पॉलिश, हातात छडी. धागे पाहून म्हणाले, "झाडांना राख्या बांधल्या काय?" सोबतचे हसले. मग फांदीपाशी आले.

अण्णा म्हणाले, "ह्ये फळझाड हाय, साहेब."

"फळ कुठे आहे?"

"यायचं हाय अजून."

"तुम्ही पाहिले आहे?"

"न्हाय."

"खाल्ले आहे?"

"न्हाय."

"मग कशावरून सांगता?"

"बी बघितलंय."

पुन्हा हशा. परीक्षकांनी माझी चिठ्ठी उचलली, वाचली आणि म्हणाले, "इथे तर स्पष्ट लिहिले आहे." त्यांनी वहीत नोंद केली: चिकाचे रानझाड, फळ धरत नाही. खाली सही केली, आणि प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांनीही केली. निघताना अध्यक्ष अण्णांना म्हणाले, "कोष्ट्याने माग चालवावा. हे काम शिकलेल्यांचे."

हजारो माणसांपुढे ज्याचा आवाज कधी बसला नाही, तो मी तिथे तोंड मिटून उभा होतो. कारण चिठ्ठी माझी होती. परीक्षकांनी विणकराच्या बोटांपेक्षा वकिलाच्या अक्षरावर विश्वास ठेवला. त्याआधी तोच गुन्हा मी केला होता. आपल्या देशात शहाणपणाला कागदाचा दाखला लागतो, आणि कागद लिहिणाऱ्याला शहाणपणाचा दाखला कोणी मागत नाही. या अन्यायावर मी आजवर शंभर भाषणे केली असतील. त्या दिवशी एक वाक्य बोलायचे होते, ते बोललो नाही.

गेल्या वर्षी रस्ता कमिटीने वडगावचा रस्ता सरळ करायचे ठरवले. आखणीच्या दोरीत झाड आले. कमिटीचा नियम असा की फळझाड आडवे आले तर रस्ता दोन हात वळवायचा, रानझाड असेल तर तोडायचे. नियम चांगला आहे. पण झाड कोणते हे ठरवायला कमिटीतले कोणी झाडापाशी आले नाही. त्यांनी प्रदर्शनाची जुनी वही मागवली. कमिटीचे अध्यक्ष कोण? तेच, प्रदर्शनाचे. सही त्यांची होतीच.

मी अर्ज केला. चिठ्ठी मी लिहिली, ती चुकीची आहे, असे स्वच्छ लिहून दिले. उत्तर आले की मूळ चिठ्ठी आपल्याच हस्ताक्षरातील असून ती विचारपूर्वक लिहिलेली दिसते.

अण्णा स्वतः कमिटीपुढे गेले. म्हणाले, "पावसाळ्याच्या शेवटाला बारीक फूल येऊन गेलंय. मला होळीपतुर मुदत द्या. फळ न्हाय आलं तर माझ्या हातानं तोडतो."

अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, तेरा वर्षे नाही आले ते दोन महिन्यांत येणार काय?"

"झाडाला तुमची कमिटी ठावं न्हाय, साहेब. ते त्येच्या टायमाला येतंय."

पंधरा दिवसांची मुदत मिळाली. त्या पंधरा दिवसांत मी झाडाखाली उभा राहून तीन सभा घेतल्या. लोक जमले, घोषणा झाल्या. आम्ही सगळे अधूनमधून फांद्यांकडे बघत होतो, जांभळे फळ दिसते का म्हणून. खानसाम्याने जांभळे सांगितले होते ना. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना शेंडा दिसत नव्हता. कोणी शिडी लावून वर चढावे, हे कोणालाच सुचले नाही. मला तर नाहीच. मी बोलत होतो.

पौषातल्या एका सकाळी कुऱ्हाडी घेऊन दोन माणसे आली. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. अण्णांनी मला बाजूला केले, आत गेले आणि तेलाची वाटी घेऊन आले. "हाताला लावा रं," ते त्या दोघांना म्हणाले, "कुऱ्हाडीला बी लावा. चीक लई वंगाळ असतोय, कातडं सोडत न्हाय. आनि डोळं सांभाळा."

अण्णा, तुमच्या दयाळूपणाबद्दल लोक या ग्रंथात पानेच्या पाने लिहितील. मी एवढेच सांगतो की त्या तेलाच्या वाटीचा मला आजही राग येतो. इतका चांगुलपणा पाहून ज्यांना लाज वाटायला हवी होती, ते तिथे नव्हते.

झाड दुपारी पडले. शेंडा जमिनीवर आला तेव्हा कुऱ्हाडवाल्यांतला एक फांद्यांत वाकून ओरडला, "अण्णा, ह्ये काय वं? लिंबं लागल्यात की!"

पानांच्या हिरव्यात लपलेली हिरवी, गोल, कच्ची फळे. शेंड्याच्या बाजूला भरपूर. अण्णा खाली बसले. डोळ्यांनी दिसेना म्हणून बोटांनी एकेक चाचपत राहिले. एकाला नख लावले, चीक आला. "कवळी हायती," ते म्हणाले. "बी भरलं न्हाय अजून. ह्येचं काय उगवायचं न्हाय." कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो म्हणाला, "आमाला काय सांगितलं न्हवतं, अण्णा."

"तुमची चूक न्हाय, लेकरांनू," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मला वाटले, आता माझी चूक काढतील. ते म्हणाले, "साहेब, उचगावला जाऊन बघाय पायजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही उचगावला गेलो. गंगूआक्कांच्या विहिरीवरच्या झाडाला तशीच हिरवी फळे होती. आक्कांनीही ती पाहिली नव्हती. "मी म्हनलं सावलीचं झाड हाय, गुरं बसत्यात, लई झालं," त्या म्हणाल्या. अण्णांनी त्यांना बजावले की फळ जांभळे आणि मऊ झाल्याशिवाय तोडायचे नाही, आणि दातांनी फोडायचे नाही.

गेल्या फाल्गुनात आक्का टोपली घेऊन वडगावला आल्या. आल्या आल्या हसू लागल्या. "अण्णा, तुमचं ऐकलं न्हाय. एक फळ तसंच चावलं. सालीच्या चिकानं व्हट चिकाटलं, घटकाभर त्वांड उघडंना. आमचं मालक म्हनत्यात, ह्ये झाड लई गुणाचं, अजून चार लावूया!"

अण्णांनी फळ पाटावर ठेवले आणि आडवे कापले. आत पांढऱ्या गरात चांदणी होती, जशी खानसाम्याने सांगितली होती तशी. त्यांनी आधी बिया काढून ओल्या फडक्यात ठेवल्या. मग गर सगळ्यांना वाटला, शेवटचा घास स्वतः खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाले, "चिक्कूचाच भाऊबंद. बी खोटं बोललं न्हाय."

त्या बियांची रोपे आज वर्षाची झाली आहेत. अण्णांच्या परसात, तोडलेल्या झाडाच्या जागेपाशी ती ओळीने उभी आहेत, प्रत्येकाला तांबडा धागा आणि एक गाठ. अण्णांची एकच इच्छा आहे. ज्या रस्त्यासाठी झाड गेले, त्याच रस्त्याच्या दोन्ही कडांना ही रोपे लावावीत, म्हणजे वडगावच्या मागांवर बसून पाठ धरलेली माणसे संध्याकाळी सावलीला बसतील आणि त्यांच्या घरच्यांना फळ मिळेल. त्यांनी कमिटीकडे परवानगी मागितली. उत्तर आले: सदर झाड नोंदीप्रमाणे रानझाड असल्याने रस्त्याकडेला लावता येत नाही.

वाचकहो, हे उत्तर पुन्हा वाचा. झाड गेले, फळ आले, फळ लोकांनी खाल्ले, आणि वही अजून म्हणते की फळ धरत नाही. हे उत्तर ज्या हाताने लिहिले तोच हात या समारंभात अण्णांच्या खांद्यावर शाल घालणार आहे. का? कारण शाल घालणे सोपे आहे. वहीतली एक ओळ खोडणे अवघड आहे. तिथे स्वतःची सही आहे.

माझीही चिठ्ठी त्या वहीत टाचलेली आहे. म्हणून मी माझ्यापासून सुरुवात करतो. या ग्रंथात, छापील अक्षरांत, मी लिहितो की ती चिठ्ठी खोटी होती. मी पुस्तक पाहिले, बी पाहिले नाही. सिद्रामअण्णांनी मला सांगितले होते आणि मी ऐकले नाही.

समारंभाच्या दिवशी मी उचगावहून टोपलीभर फळे आणणार आहे. गंगूआक्का बरोबर येणार आहेत. त्यांनी सुरीला धार लावून ठेवली आहे. व्यासपीठावर अध्यक्ष महाराजांपुढे पाट मांडला जाईल. त्यांनी फळ आडवे कापावे, आतली चांदणी सभेला दाखवावी, वही आणवून ती ओळ सर्वांदेखत खोडावी, आणि मग शाल घालावी. क्रम बदलला तर मी व्यासपीठावर चढेन, आणि माझी भाषणे किती लांबतात हे वडगावला माहीत आहे.

अण्णांना हा लेख वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "लई रागानं लिवलासा. झाडाला रागानं पाणी घालून चालत न्हाय." मी म्हणालो, "अण्णा, हे पाणी झाडाला नाही, वहीला आहे." ते हसले. मग म्हणाले, "पावसाळ्याच्या आत रोपं जिमनीत जायला पायजेत. तेवढं बघा. शाल न्हाय मिळाली तरी चालतंय."

या रोपांना फळ धरायला दहा-बारा वर्षे लागतील. सिद्रामअण्णांना माझ्या शुभेच्छा त्याच मापाच्या आहेत. त्यांचा मोतीबिंदू निघो, हात मागाच्या धोट्यावर असेच चालोत, आणि या रस्त्याच्या कडेला पहिले फळ जांभळे झालेले त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी शेंड्यावर दिसो. ते फळ त्यांनी कापावे. त्या दिवशी मीही जिवंत असेन तर झाडाखाली उभा राहीन, तोंड बंद ठेवीन, आणि मान वर करून बघेन.